सेशनचा जीव कोणत्या पत्त्यात?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एक सवय लावली होती. केबल ओढून झाली की तिच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची आणि प्रत्येक चिठ्ठीवर समोरचं टोक कुठे जातं ते लिहायचं. आज या सभागृहात बसलेले, ठिकठिकाणी नेटवर्क सांभाळणारे कितीतरी जण ती सवय अजून पाळतात. कुठली गोष्ट कुठल्या नावानं ओळखायची याबद्दल सर फार काटेकोर होते. त्यांच्या नावानं बोलायची वेळ आली तेव्हा मी विषयही त्याच वाटेवरचा घेतला. दोन राउटर एकमेकांशी बोलू लागतात, तेव्हा प्रत्येकानं स्वतःच्या अनेक पत्त्यांपैकी कोणत्या पत्त्यावरून बोलावं?

कॉन्फिगमध्ये ही एका ओळीची बाब आहे. ती ओळ लिहिली नाही तरी राउटर कुरकुर करत नाही. तो आपला आपण एक पत्ता निवडतो आणि कामाला लागतो. पुष्कळदा ते काम वर्षानुवर्षं चालतंही. तरीही ही निवड यंत्रावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. त्या एका ओळीत आपण हे ठरवत असतो की दोन राउटरांमधलं बोलणं कशाबरोबर संपावं: तार तुटल्यावर, की राउटरच बंद पडल्यावर.

श्रोत्यांत या धंद्याबाहेरची मंडळीही आहेत, म्हणून थोडं मागून सुरू करतो. इंटरनेट म्हणजे सत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र नेटवर्कांची जोडणी आहे. आमचा सेवादाता, बँक, विद्यापीठ, परदेशातली मोठी कंपनी, प्रत्येकाचं आपापलं नेटवर्क. कोणत्या पत्त्याकडे कुठून जायचं याची माहिती ही नेटवर्कं एकमेकांना सतत सांगत असतात, आणि ते सांगण्याच्या रीतीचं नाव आहे बीजीपी. १९८९ च्या जानेवारीत अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे इंटरनेटच्या अभियंत्यांची बैठक भरली होती. तिथे सिस्कोचे कर्क लॉहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर, हात पुसायच्या कागदांवर या प्रोटोकॉलचा पहिला आराखडा काढला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो आरएफसी ११०५ या क्रमांकानं प्रसिद्ध झाला. इंटरनेटचे नियम ज्या दस्तऐवजांत लिहिले जातात त्यांना आरएफसी म्हणतात. आज चालते ती चौथी आवृत्ती, आणि तिचा आधार आहे २००६ चा आरएफसी ४२७१.

त्या कागदांवरचा एक निर्णय आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. बीजीपीच्या आधी ईजीपी नावाचा प्रोटोकॉल होता. तो थेट आयपीवर चालायचा, म्हणून पॅकेट हरवलं तर काय करायचं ही काळजी त्याची त्यालाच घ्यावी लागे. लॉहीड आणि रेख्टर यांनी ती काळजी टीसीपीवर सोपवली. हरवलेलं पुन्हा पाठवणं, क्रम लावणं, वेग सांभाळणं हे सगळं टीसीपी आधीपासून करतच होतं. बीजीपीनं १७९ क्रमांकाचं पोर्ट घेतलं आणि बाकी सगळं टीसीपीवर टाकलं. निर्णय उत्तम होता. म्हणूनच इतक्या साध्या आराखड्यावर आज नऊ लाखांहून अधिक मार्गांची यादी जगभर फिरते आहे.

पण टीसीपी आपल्यासोबत एक अट घेऊन आलं. टीसीपीचं प्रत्येक कनेक्शन चार गोष्टींनी ओळखलं जातं: इकडचा पत्ता, इकडचं पोर्ट, तिकडचा पत्ता, तिकडचं पोर्ट. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये आरएफसी ७९३ मध्ये हे पक्कं झालं. कनेक्शन एकदा उघडलं की या चारांतलं काहीही बदलता येत नाही. दोन्ही यंत्रं धडधाकट असोत, मधे दुसरी सरळ वाट उपलब्ध असो, चारांतला एक पत्ता नाहीसा झाला की ते कनेक्शन गेलं.

आता प्रश्न येतो की पत्ता कोणाचा असतो. सर्वसाधारण समज असा, की पत्ता यंत्राचा असतो. आयपीच्या रचनेत तो इंटरफेसचा असतो, म्हणजे यंत्राला जिथे तार जोडली जाते त्या जागेचा. राउटरला आठ तारा जोडल्या असतील तर त्याला आठ पत्ते असतात, आणि खुद्द राउटरचा असा एकही नसतो. हे अडचणीचं आहे ही जाणीव फार जुनी आहे. नेटवर्कचे अभ्यासक जॉन डे यांनी एक हकिकत नोंदवून ठेवली आहे: १९७२ च्या सुमारास अमेरिकेतल्या टिंकर हवाई तळाला अर्पानेटशी, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाशी, दोन जोडण्या हव्या होत्या, एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून. दोन तारा जोडता आल्या असत्या, पण नेटवर्कच्या दृष्टीनं ती दोन वेगळी यंत्रं झाली असती. पुढे एमआयटीचे जेरोम साल्टझर यांनी १९८२ च्या एका निबंधात हा गुंता सुटा करून मांडला. सेवा, यंत्र, यंत्र जिथे जोडलंय ती जागा, आणि तिथपर्यंतची वाट, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. चौघींना वेगवेगळी नावं हवीत आणि एकीवरून दुसरी शोधायची सोय हवी. हा निबंध १९९३ मध्ये आरएफसी १४९८ म्हणून पुन्हा छापला गेला. नेटवर्क शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं तो एकदा तरी सावकाश वाचावा. आम्ही कॉन्फिगमध्ये ज्या उचापती करतो त्यांतल्या निम्म्यांचं कारण त्या थोड्याशा पानांत सापडतं.

आपल्या लोककथेतल्या राक्षसाचा जीव त्याच्या देहात नसतो. तो दूर कुठेतरी पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, आणि पोपटाची मान मुरगळली की इकडे धडधाकट राक्षस कोसळतो. बीजीपीच्या सेशनचं, म्हणजे दोन राउटरांमधल्या या बोलण्याचं, अगदी तसं आहे. सेशनचा जीव पत्त्यात, पत्त्याचा जीव इंटरफेसमध्ये, आणि इंटरफेसचा जीव रस्त्याकडेला पुरलेल्या फायबरमध्ये.

हे मी एका संस्थेत जवळून पाहिलं आहे. संस्थेचे दोन परिसर होते, मधे दोन फायबर, दोन वेगळ्या रस्त्यांनी नेलेले. आखणी चांगली होती आणि खर्चही झाला होता. दोन्ही फायबरवर ओएसपीएफ चालू होतं, म्हणजे आतल्या आत वाट शोधण्याची सोय होती. बाहेरचं इंटरनेट पहिल्या परिसरात येत होतं आणि तिथून बीजीपीनं दुसऱ्या परिसरापर्यंत पोचवलं जात होतं. ते सेशन जुळवताना पहिल्या फायबरच्या टोकांचे पत्ते वापरले होते. पावसाळ्याआधी रस्ता खोदायला जेसीबी आला आणि पहिला फायबर तुटला. ओएसपीएफनं काही सेकंदांत सगळी वाहतूक दुसऱ्या फायबरवर वळवली. एका परिसरातून दुसऱ्या परिसरातला सर्व्हर पिंग होत होता, फायली उघडत होत्या. पण बीजीपी ज्या पत्त्याशी बोलत होतं तो पत्ता तुटलेल्या फायबरबरोबर गेला होता. सेशननं होल्ड टायमर संपेपर्यंत वाट पाहिली. सिस्कोच्या राउटरवर तो पूर्वापार १८० सेकंद असतो, जुनिपरवर ९०. मग सेशन पडलं, शिकलेले सगळे मार्ग पुसले गेले आणि दुसरा परिसर इंटरनेटपासून तुटला. फायबर जोडून होईपर्यंत तो तसाच राहिला. दुसरा फायबर त्या सगळ्या काळात जिवंत होता, आणि त्यावर जागाही मोकळी होती.

या दुखण्यावर आमच्या धंद्यानं काढलेला उपाय म्हणजे लूपबॅक इंटरफेस. राउटरच्या आत एक असा इंटरफेस तयार करायचा ज्याला तार नाही. तार नाही म्हणून ती तुटत नाही. राउटर चालू आहे तोवर तो इंटरफेस चालू. त्याला एकट्याचा पत्ता द्यायचा, म्हणजे स्लॅश ३२, आणि तो पत्ता ओएसपीएफ किंवा आयएस-आयएसमधून आतल्या सगळ्या राउटरांना कळवायचा. आता त्या पत्त्याकडे येण्याची एक वाट बंद झाली तर दुसरीनं पॅकेट येईल, दुसरी बंद झाली तर तिसरीनं. साल्टझर ज्याला यंत्राचं नाव म्हणत होते, ते आम्ही असं मागच्या दारानं मिळवलं. रचना मूळची तशी नव्हती, पण वापर करणाऱ्यांनी तिच्याकडून ते काम करून घेतलं. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते. कोणताही नवा प्रोटोकॉल न आणता, आहे त्यातच एक मोठी उणीव तिनं भरून काढली.

लूपबॅक तयार करून काम संपत नाही, आणि इथेच ती एक ओळ येते. शेजारी म्हणून समोरच्याचा लूपबॅक पत्ता लिहिला की राउटर त्या पत्त्याकडे कनेक्शन उघडायला निघतो. निघताना पाठवणाऱ्याच्या जागी कोणता पत्ता घालायचा हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. मग तो ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतो त्याचा पत्ता घालतो. समोरचा राउटर आपली यादी पाहतो. त्याच्या यादीत याचा लूपबॅक आहे, हा तारेचा पत्ता नाही. अनोळखी माणसाला दार उघडायचं नाही हा त्याचा नियम, म्हणून तो नकार देतो. तेव्हा सांगावं लागतं की या शेजाऱ्याशी बोलताना माझा लूपबॅक वापर. सिस्कोवर आणि लिनक्सवरच्या एफआरआरवर ही ओळ ‘अपडेट-सोर्स’ या शब्दानं लिहितात, जुनिपरवर ‘लोकल-अ‍ॅड्रेस’ म्हणतात. आपल्याकडच्या लहान सेवादात्यांकडे मायक्रोटिक पुष्कळ दिसतं, त्याच्या सहाव्या आवृत्तीत ‘अपडेट-सोर्स’च होतं आणि सातवीत ते ‘लोकल’ पत्त्याच्या रूपात आलं. शब्द निरनिराळे असले तरी अर्थ एकच.

ही ओळ दोन्हीकडे विसरली तर सेशन पहिल्याच दिवशी उभं राहत नाही. चूक लगेच दिसते आणि दुरुस्त होते. खरा धोका एकाच बाजूला विसरण्यात आहे. त्यावर जरा थांबतो, कारण अनुभवी लोकांनाही हे पटकन दिसत नाही.

अ आणि ब असे दोन राउटर घ्या. अ चा लूपबॅक १९२.०.२.१, ब चा १९२.०.२.२. दोघांनी एकमेकांचे लूपबॅक शेजारी म्हणून लिहिले आहेत. अ वर अपडेट-सोर्सची ओळ आहे, ब वर नाही. ब आपणहून कनेक्शन उघडायला जातो तेव्हा त्याच्या तारेचा पत्ता जातो, समजा १९८.५१.१००.२, आणि अ त्याला परत पाठवतो. पण अ जेव्हा उघडायला जातो तेव्हा तो स्वतःच्या लूपबॅकवरून जातो. ब च्या यादीत तो पत्ता आहे. ब स्वीकारतो. सेशन उभं राहतं, मार्गांची देवाणघेवाण सुरू होते, आणि कॉन्फिग अर्धं आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे अर्धं कॉन्फिग दोनतीन वर्षं सुखानं नांदतं. मग कोणीतरी, अगदी योग्य कारणानं, अ ला रूट रिफ्लेक्टर, म्हणजे एकाचे मार्ग बाकीच्यांना सांगणारा राउटर, करतं. त्याच्याकडे पन्नास शेजारी येतात, म्हणून ठरतं की त्यानं कोणाकडे आपणहून जायचं नाही, आलेल्यांना फक्त उत्तर द्यायचं. त्याला पॅसिव्ह केलं जातं. चालू सेशन कदाचित चालूच राहतं. पुढे कधीतरी ब सुरू-बंद होतो, आणि त्यानंतर ते सेशन उभंच राहत नाही. किंवा मधे नवी फायरवॉल येते आणि १७९ कडे एकाच दिशेनं उघडलेली कनेक्शनं सोडते. रात्री दोन वाजता फोन येतो आणि सगळे नव्या बदलाकडे बोट दाखवतात. बदल करणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं. जी ओळ तीन वर्षांपूर्वी लिहायची राहिली, ती आज महाग पडते.

हे आधी ओळखता येतं. शेजाऱ्याची सविस्तर माहिती काढली की राउटर इकडचा पत्ता, इकडचं पोर्ट, तिकडचा पत्ता आणि तिकडचं पोर्ट दाखवतो. इकडचं पोर्ट १७९ असेल तर कनेक्शन समोरच्यानं उघडलेलं आहे. इकडचं पोर्ट मोठा आकडा असेल तर आपण उघडलेलं आहे. दोन्ही बाजू नीट असल्या तर कधी हा उघडतो, कधी तो. दोघांनी एकाच वेळी उघडलं तर ज्याचा बीजीपी आयडेंटिफायर मोठा, त्यानं उघडलेलं कनेक्शन ठेवायचं, असा नियमच आहे. पण दरवेळी, प्रत्येक पडझडीनंतर, एकच बाजू उघडताना दिसत असेल, तर दुसऱ्या बाजूचं कॉन्फिग उघडून बघा.

पत्ता निवडण्याला सुरक्षिततेचीही बाजू आहे, आणि ती २००४ मध्ये सगळ्या जगाला एकदम कळली. टीसीपीचं कनेक्शन एका रीसेट पॅकेटनं तोडता येतं. बाहेरच्या माणसानं खोट्या पत्त्यानं असं पॅकेट पाठवलं तर काय, हा प्रश्न जुनाच होता. पण त्याला चार अब्जांहून अधिक शक्यतांतून नेमका क्रमांक ओळखावा लागेल, म्हणून सगळे निश्चिंत होते. पॉल वॉटसन यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दाखवून दिलं की क्रमांक नेमका असण्याची गरज नाही. तो समोरच्याच्या विंडोत पडला तरी पुरतो. विंडो १६,३८४ बाइटची असेल तर ४,२९,४९,६७,२९६ भागिले १६,३८४, म्हणजे २,६२,१४४ पॅकेटं पुरतात. चाळीस बाइटचं एक धरलं तर सगळी मिळून सुमारे दहा एमबी. इतक्यात एक सेशन पडतं. ब्रिटनच्या एनआयएससीसी या संस्थेनं २० एप्रिलला इशारा प्रसिद्ध केला आणि जगभरचे सेवादाते घाईघाईनं आपल्या सेशनांना एमडी५ ची किल्ली लावू लागले. ती सोय १९९८ पासून आरएफसी २३८५ मध्ये होती, पण वापर फार कमी होता.

या हल्ल्यासाठी हल्लेखोराला चार गोष्टी लागतात, त्या वर सांगितलेल्याच. एक पोर्ट १७९ हे सगळ्यांना ठाऊक. दुसरं अंदाजानं सापडतं. राहिले दोन पत्ते. तारांचे पत्ते लपत नाहीत. कोणीही ट्रेसराउट चालवला की ओळीनं दिसतात. लूपबॅकचे पत्ते त्यात सहसा दिसत नाहीत. त्याहून मोठा फायदा असा, की सगळ्या राउटरांचे लूपबॅक आपण एकाच सलग पट्ट्यातून दिले असतील तर सरहद्दीवर एकच नियम पुरतो: या पट्ट्यातला पत्ता लावून किंवा या पट्ट्याकडे बाहेरून काहीही आलं तर टाकून द्या. तारांचे पत्ते शेकडो, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी दिलेले. त्यांच्यावर असा नियम लिहायला गेलं की यादी लांबते आणि एखादा पत्ता सुटतोच. पत्त्यांची आखणी करताना लूपबॅकसाठी सलग पट्टा आधीच बाजूला ठेवा, हे मी प्रत्येक नव्या अभियंत्याला सांगतो.

इथवर ऐकून कोणाला वाटेल की सगळीकडे लूपबॅक वापरला की झालं. तसं नाही, आणि सरहद्दीवर तर नाहीच. दुसऱ्याच्या नेटवर्कशी बोलताना मधे सहसा एकच तार असते. ती तुटली तर सेशन लगेच पडायलाच हवं, कारण त्या वाटेनं जाणारं सगळं आता खड्ड्यात जाणार आहे. तिथे तारेचा पत्ताच योग्य. बाहेरच्या शेजाऱ्याला पाठवलेल्या पॅकेटचा टीटीएल, म्हणजे किती उड्या मारता येतील तो आकडा, मुळात १ ठेवलेला असतो, म्हणजे ते एका उडीपलीकडे जाऊच नये. पुढे आरएफसी ३६८२ आणि २००७ च्या आरएफसी ५०८२ नं उलटी आणि अधिक पक्की रीत दिली: पाठवणाऱ्यानं २५५ घालायचे, घेणाऱ्यानं २५५ च स्वीकारायचे. लांबून आलेल्या पॅकेटचा टीटीएल वाटेत कमी झालेला असतो, त्याला २५५ दाखवताच येत नाही. इतका साधा आणि इतका परिणामकारक बचाव मी दुसरा पाहिलेला नाही.

इंटरनेट एक्स्चेंजमध्ये हे आणखी ठळक होतं. निक्सी ही आपली राष्ट्रीय एक्स्चेंज २००३ मध्ये उभी राहिली, आज मुंबईतल्या एक्स्चेंजांवर कितीतरी सेवादाते एकमेकांशी जोडलेले आहेत. तिथे एक सामायिक लॅन असते आणि प्रत्येक सभासदाला त्या लॅनमधला पत्ता मिळतो. सेशन त्याच पत्त्यावरून करायचं असतं. सभासदांनी त्या लॅनचा पट्टा बाहेर जाहीर करायचा नसतो. हा नियम पोकळ नाही. २०१३ च्या मार्चमध्ये स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेवरचा मोठा हल्ला झाला तेव्हा हल्लेखोरांनी लंडनच्या एक्स्चेंजच्या लॅनमधल्या पत्त्यांवरही मारा केला होता. जे पत्ते बाहेरून गाठताच येत नाहीत त्यांच्यावर असा मारा होऊ शकत नाही.

सरहद्दीवर लूपबॅक शोभतो तो एका प्रसंगी: त्याच शेजाऱ्याशी दोन किंवा अधिक समांतर तारा असतील आणि दोन्हींवर भार वाटायचा असेल तेव्हा. इथे लोक डोळे मिटून मल्टिहॉप, म्हणजे शेजारी काही उड्या दूर असला तरी चालेल असं, लिहितात आणि आकडा वाढवत नेतात, कुणी २५५ सुद्धा. शेजारचाच राउटर असेल तर टीटीएलचा प्रश्न मुळात येत नाही, कारण स्वतःच्या लूपबॅककडे पॅकेट देताना राउटर टीटीएल कमी करत नाही. अडवते ती ‘शेजारी थेट जोडलेला आहे का’ ही तपासणी, आणि सिस्कोवर तेवढीच बंद करता येते. शेजाऱ्याच्या लूपबॅककडे जायची वाट मात्र त्याच सेशनमधून शिकू नका. सेशन उभं राहतं, ती नवी वाट जुनीची जागा घेते, सेशन स्वतःच्याच पायाखालची फळी ओढतं आणि पडतं. पुन्हा उभं राहतं, पुन्हा पडतं.

मोठ्या डेटा सेंटरांनी तर आतसुद्धा उलटा निर्णय घेतला. २०१६ च्या आरएफसी ७९३८ मध्ये त्याची कारणमीमांसा आहे. तिथे प्रत्येक राउटरपासून वर जाणाऱ्या बऱ्याच तारा असतात, आणि प्रत्येक तारेवर वेगळं सेशन, तारेच्याच पत्त्यावर. तार गेली की तेवढं एक सेशन गेलं पाहिजे, आणि तत्काळ गेलं पाहिजे. बाकीच्या तारा काम उचलतात. वेगळा ओएसपीएफ नाही, लूपबॅकची वाट शोधायची गरज नाही. आयपीव्ही६ मध्ये तर तारेला स्वतंत्र पत्ता न देता लिंक-लोकल पत्त्यावरच हे सेशन जुळवतात, फक्त कोणत्या इंटरफेसवर ते सांगावं लागतं. माझ्या दृष्टीनं दोन्ही निर्णय बरोबर आहेत, कारण दोन्हींमध्ये कोणीतरी विचार करून ठरवलं आहे की काय गेलं असता सेशन जावं.

एक सापळा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एकच पत्ता अनेक राउटरांवर किंवा सर्व्हरांवर ठेवण्याची एनीकास्टची रीत आता सर्रास आहे, डीएनएससाठी विशेषतः. तो सामायिक पत्ताही लूपबॅकवरच ठेवतात. राउटरला आयडी लिहून दिला नसेल तर तो लूपबॅकमधला मोठा पत्ता उचलतो. सामायिक पत्ता मोठा निघाला तर दोन राउटरांचा आयडी एकच होतो, आणि ओएसपीएफचा नकाशा बिघडतो. मार्ग येतात आणि जातात, कारण कोणाला कळत नाही. म्हणून अशा राउटरवर दोन लूपबॅक हवेत, एक सामायिक आणि एक फक्त स्वतःचा. राउटर आयडी हातानं लिहायचा आणि सेशनही स्वतःच्याच लूपबॅकवरून करायचं. मल्टिकास्टवाल्यांना हे एमएसडीपीमुळे फार आधी, २००३ च्या आसपासच कळलं होतं. एलडीपीत आणि एमपीएलएस व्हीपीएनमध्येही हाच नियम चालतो, शिवाय तिथे लूपबॅकचा स्लॅश ३२ वाटेत कुठेही मोठ्या पट्ट्यात गुंडाळला जाऊ नये, नाहीतर लेबलाची वाट मधेच तुटते. लॉग, एनटीपी, लॉगिनची तपासणी, यांनाही लूपबॅकच द्या. नाहीतर लॉग सर्व्हरवर एकच राउटर चार नावांनी नांदतो.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. तुमच्यापैकी बरेच जण घरी लिनक्सवर एफआरआर टाकून सराव करता. फार चांगलं करता. पण लिनक्स पत्ता यंत्राचा मानतं: एका इंटरफेसचा पत्ता मागणारं पॅकेट दुसऱ्या इंटरफेसमधून आलं तरी ते स्वीकारतं. १९८९ च्या आरएफसी ११२२ नं ही आणि हिच्या उलटी, अशा दोन्ही रीती मान्य केल्या आहेत. त्यामुळे घरच्या सरावात जे सेशन टिकलं ते उद्या कंपनीच्या राउटरवर टिकेलच असं समजू नका. तार उपटून बघा, आणि ज्या यंत्रावर काम करणार त्याच जातीच्या यंत्रावर बघा.

आणि जे रोज नेटवर्क सांभाळतात त्यांना माझी विनंती आहे. पावसाळ्याआधीच्या खोदकामाचा हंगाम येण्यापूर्वी एका रात्रीची परवानगी काढा. आतल्या प्रत्येक बीजीपी सेशनचे चारही आकडे लिहून घ्या. जिथे तारेचा पत्ता दिसेल तिथे तो मुद्दाम ठेवला आहे की राहून गेला आहे हे विचारा, आणि मुद्दाम ठेवला असेल तर कारण कॉन्फिगमधल्या वर्णनाच्या ओळीत लिहा. लूपबॅक असेल तर दोन्ही राउटरांवर ओळ आहे का ते स्वतः पाहा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. मग दोन फायबरांपैकी एक हातानं बंद करा आणि सेशन पाच मिनिटं टिकतं का ते घड्याळ लावून बघा. तो उघडा आणि दुसरा बंद करा. सेशन पडलं तर त्याच रात्री दुरुस्त करा आणि तीच चाचणी पुन्हा घ्या.